एक्मो: खर्चाच्या मानाने कितपत फायद्याचं?

हिशेबनीस

एक्मोचा, म्हणजे शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्राचा, विषय निघाला की गप्पा दोनच टोकांना जातात. एक तर 'जीव वाचत असेल तर पैशाकडे बघायचं का?' नाहीतर 'बिलं फुगवायची यंत्रं सगळी'. मधला प्रश्न कोणी विचारत नाही: इतर उपचार सोडून हा केला तर नेमके किती जास्त लोक वाचतात, आणि त्या जास्तीच्या प्रत्येक माणसामागे किती जास्त पैसे जातात? ब्रिटनमध्ये हा हिशेब एकदा रीतसर मांडला गेलाय. म्हणून हा धागा.

आधी यंत्राबद्दल, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मांडीच्या किंवा मानेच्या मोठ्या शिरेत जाड नळ्या घालतात. रक्त बाहेर येतं, पंपातून एका पडद्यापाशी जातं, तिथे ऑक्सिजन मिसळतो, कार्बन डायऑक्साइड निघतो आणि रक्त परत शरीरात. फुफ्फुसं यातून बरी होत नाहीत. त्यांना वेळ मिळतो, आणि व्हेंटिलेटरचा मारा कमी करता येतो, बस्स.

चाचणीचं नाव सीझर. २००१ ते २००६, तीव्र श्वसननिकामीपणाचे १८० प्रौढ रुग्ण, वय १८ ते ६५. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट: ९० जणांना लेस्टरच्या ग्लेनफील्ड रुग्णालयात एक्मोसाठी हलवायचं, ९० जणांवर नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी जिवंत आणि गंभीर अपंगत्वाशिवाय किती? एक्मो गटात ६३ टक्के, दुसऱ्यात ४७. निष्कर्ष २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले.

आता पैसे. एक्मो गटात दर रुग्णामागे सरासरी ४०,५४४ पौंड जास्त लागले, म्हणजे एकूण खर्च दुपटीहून अधिक. शंभर रुग्ण धरा. जादा खर्च साधारण ४० लाख पौंड, जास्तीचे धडधाकट वाचलेले १६. भागाकार केला की एका जास्तीच्या माणसामागे अडीच लाख पौंड.

महाग की स्वस्त? बोला.

---

खारूताई

छान विषय. पण 'एक माणूस वाचला' हे एकक कच्चं नाही का? पंचवीस वर्षांचा आणि पासष्टचा, दोघांना एकच गुण? आणि वाचल्यावर तो कसा जगतो?

---

हिशेबनीस

@खारूताई, त्यासाठीच 'क्वाली' हे माप आहे. पूर्ण तब्येतीतलं एक वर्ष म्हणजे १ क्वाली. अर्ध्या तब्येतीत काढलेली दोन वर्षं, तीही १. मृत्यू शून्य. तब्येतीचा आकडा रुग्णाला ठरावीक प्रश्न विचारून काढतात: चालता येतं का, स्वतःचं स्वतः करता येतं का, दुखतं का, मन थाऱ्यावर आहे का.

सीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंतचा फायदा निघाला दर रुग्णामागे फक्त ०.०३ क्वाली. वाचून मीही चमकलो, मग ढोबळ मांडून पाहिलं. सहा महिन्यांत कोणालाही जास्तीत जास्त अर्धाच क्वाली मिळू शकतो. त्यातला पहिला काळ आयसीयूत, पुढचा अंथरुणाला खिळून. म्हणजे वाचलेल्या माणसाला समजा ०.२ मिळाला. १६ गुणिले ०.२ म्हणजे ३.२, तो शंभर जणांत वाटला की ०.०३. बरोबर बसतं. या मुदतीत एक क्वाली पडतो तेरा लाख पौंडांच्या आसपास. कुठलंही सरकार हाकलून देईल.

तोच हिशेब उरलेल्या आयुष्यावर पसरला की एका क्वालीला १९,२५२ पौंड. ब्रिटनमध्ये कुठला उपचार सरकारी खर्चाने द्यायचा ते ठरवणारी नाइस ही संस्था तेव्हा क्वालीमागे साधारण २०,००० ते ३०,००० पौंडांपर्यंतचा उपचार परवडणारा धरायची. म्हणजे पास!

रुग्ण तेच, यंत्र तेच. मोजायची मुदत तेवढी बदलली.

---

त्रिकोणमिती

इथेच माझी पाल चुकचुकते. सहा महिन्यांनंतर त्या लोकांना कोणी मोजलंय? पुढची सगळी वर्षं गृहीतकांच्या जोरावर. आणि १९,२५२ हा आकडा सगळे मिरवतात, त्याच्या शेजारचा कंस, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ते, कोणी वाचत नाही: ७,६२२ ते ५९,२००. एका टोकाला 'डोळे झाकून घ्या', दुसऱ्या टोकाला 'उंबरठ्याच्या दुप्पट'. याला उत्तर म्हणत नाहीत.

---

हिशेबनीस

कंसाबद्दल शंभर टक्के मान्य. १८० रुग्णांत याहून अरुंद कंस मिळणार नव्हता.

पण गृहीतकं उधळपट्टीची नाहीत. भविष्यातल्या फायद्याला दरसाल ३.५ टक्के कात्री लावली आहे. त्या दराने वीस वर्षांनंतरचं एक वर्ष आज निम्म्याच मोलाचं धरलं जातं. तरीही आकडा उंबरठ्याच्या आत आला, कारण रुग्ण तरुण आहेत. आजार असा की वेळ निभावली तर फुफ्फुसं बऱ्यापैकी सावरतात. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या महागड्या औषधांशी तुलना करा, तिथे काही महिने विकत मिळतात. इथे जो वाचतो त्याच्यापुढे दशकं असतात.

---

रात्रपाळी

आयसीयूत नर्स आहे, एक्मोचे रुग्ण सांभाळते, म्हणून थोडं लिहिते.

लोकांना वाटतं पैसा यंत्रात जातो. यंत्र महाग आहेच, ऑक्सिजनेटर (ऑक्सिजन मिसळणारा तो पडद्याचा भाग) आणि नळ्यांचा संच एकदाच वापरायचा, तोही महाग. पण खरा खर्च माणसांचा. एका रुग्णाला एक नर्स पूर्ण वेळ, कधी दोन. पर्फ्युजनिस्ट (रक्त बाहेरून फिरवणारी यंत्रं चालवणारा तंत्रज्ञ) किंवा एक्मोचं प्रशिक्षण घेतलेलं कोणीतरी चोवीस तास हाकेच्या अंतरावर. रक्त नळ्यांत गोठू नये म्हणून हेपॅरिन चालू, आणि हेपॅरिन चालू म्हणून कुठून रक्तस्राव होतोय का यावर डोळा. दर शिफ्टला टॉर्च घेऊन ऑक्सिजनेटरच्या काचेसारख्या कवचावर तिरका उजेड मारायचा आणि कोपऱ्यांत काळसर गुठळी दिसते का ते बघायचं. दिसली तर कडेने रेघ मारून ठेवायची, पुढच्या शिफ्टला ती रेघेबाहेर गेली का ते कळतं. जाणारी नळी गडद, येणारी लालभडक. दोन्हींचा रंग सारखा दिसायला लागला की सगळे धावतात.

नळीला पीळ बसला, कोणाचा पाय अडकला, रुग्ण खोकला आणि नळी जराशी सरकली, यातलं काहीही मिनिटात जीव घेऊ शकतं. ही नजर सरावाने येते. वर्षातून दोनदा एक्मो लावणाऱ्या ठिकाणी ती कुठून येणार?

---

दवबिंदू

@रात्रपाळी ताई, प्रतिसाद फार आवडला. सरावाबद्दल आकडेही आहेत. जगभरच्या एक्मो केंद्रांची नोंद ठेवणारी एल्सो नावाची संघटना आहे, १९८९ पासूनची. त्या नोंदवहीवरून २०१४-१५ च्या सुमारास दिसलं की वर्षाला तीसपेक्षा जास्त प्रौढ रुग्ण करणाऱ्या केंद्रांत मृत्युदर, सहापेक्षा कमी करणाऱ्या केंद्रांपेक्षा कमी असतो. म्हणजे भागाकारात छेद आणि अंश दोन्ही बिघडतात: नवख्या केंद्रात खर्च तेवढाच किंवा जास्त, वाचणारे कमी.

---

शिळोप्याचा_पाहुणा

वाचतोय. डोक्यावरून थोडं जातंय पण वाचतोय.

---

त्रिकोणमिती

सीझरबद्दल आणखी एक. 'एक्मो गट' म्हणतोय आपण, पण त्या ९० पैकी प्रत्यक्ष एक्मो लागलं ६८ जणांना. काही जण ग्लेनफील्डला पोचण्याआधी किंवा वाटेत गेले. सोळा जण तिथे पोचल्यावर नुसत्या नीट व्हेंटिलेशनवरच सुधारले! यंत्र लावलंच नाही. वर, फुफ्फुसांना इजा न करणारं हलकं व्हेंटिलेशन एक्मो गटात ९३ टक्के रुग्णांना मिळालं, दुसऱ्या गटात ७० टक्क्यांना. मग फायदा यंत्राचा की चांगल्या आयसीयूचा? आणि तो १९,२५२ पौंडांचा क्वाली कशाच्या नावावर टाकायचा?

---

हिशेबनीस

हाच या धाग्याचा गाभा आहे असं मला वाटतं. तो आकडा यंत्राचा नाहीच. 'अशा रुग्णाला वेळेत ओळखून, सुरक्षित हलवून, तज्ज्ञ केंद्राच्या ताब्यात देणं' या अख्ख्या व्यवस्थेची ती किंमत आहे. रुग्ण हलवायचा खर्चही त्यातच आला. यंत्र हा त्या व्यवस्थेतला एक भाग, आणि सोळा जणांच्या बाबतीत तर तोही लागला नाही.

इंग्लंडनेही त्यातून तोच अर्थ घेतला. प्रत्येक मोठ्या रुग्णालयाला यंत्र वाटत बसले नाहीत. २०११ पासून प्रौढांच्या तीव्र श्वसननिकामीपणासाठी पाच केंद्रं ठरवली: लेस्टरचं ग्लेनफील्ड, लंडनमधली रॉयल ब्रॉम्प्टन आणि गाइज अँड सेंट थॉमस, पॅपवर्थ, आणि मँचेस्टरचं वायथेनशॉ. बाकीच्यांनी फोन करायचा.

उलट, सीझरचा आकडा दाखवून 'आमच्याकडेही एक यंत्र घ्या, किफायतशीर सिद्ध झालंय' असं कोणी म्हणत असेल तर ती शुद्ध फसवणूक. ते सिद्ध झालेलंच नाही.

---

अर्धवट_कोडं

+१. शेवटचा परिच्छेद फ्रेम करून लावावा.

---

खारूताई

पण मग यंत्राचा स्वतःचा फायदा कधी मोजलाच नाही का कोणी? दोन्ही गटांना उत्तम आयसीयू देऊन?

---

दवबिंदू

मोजलाय. इओलिया नावाची चाचणी, २०१८, फ्रेंच संशोधकांच्या पुढाकाराने. २४९ रुग्ण, दोन्हीकडे चांगलं व्हेंटिलेशन, नियंत्रण गटात (म्हणजे एक्मोऐवजी नेहमीचे उपचार ठरलेल्यांत) ९० टक्के रुग्णांना पालथंही झोपवलं होतं. साठ दिवसांत मृत्यू: एक्मो ३५ टक्के, नियंत्रण ४६ टक्के. फरक अकरा टक्क्यांचा, पण संख्याशास्त्राच्या चाळणीत टिकला नाही (पी ०.०९, म्हणजे फरक योगायोगाचा असण्याची शंका उरली), आणि चाचणी आधीच थांबवली गेली होती.

गोची ही की नियंत्रण गटातले २८ टक्के रुग्ण इतके खालावले की त्यांना शेवटी एक्मो लावावंच लागलं. त्यातले ५७ टक्के गेले. आता या लोकांना कुठल्या रकान्यात धरायचं? मूळ गटात धरलं तर एक्मोचा फायदा झाकला जातो. न धरलं तर चाचणीच मोडते.

पुढे त्याच आकड्यांवर बेझच्या पद्धतीने (आधीची धारणा घेऊन नव्या आकड्यांनी ती बदलत जायची) गणित केलं, तेव्हा एक्मोने मृत्यू कमी होतात याची शक्यता, आधीची धारणा कितीही संशयी धरली तरी, ८८ ते ९९ टक्क्यांच्या दरम्यान आली. २०२० साली सीझर आणि इओलियाचे मिळून ४२९ रुग्ण एकत्र तपासले: नव्वद दिवसांत मृत्यू ३६ विरुद्ध ४८ टक्के.

माझं मत: यंत्राचा स्वतःचा फायदा आहे, बारा टक्क्यांच्या आगेमागे. आठ-नऊ माणसांना एक्मो दिलं की एक जास्तीचा वाचतो.

---

त्रिकोणमिती

त्या २८ टक्क्यांची गोष्ट मला उलटी दिसते. एक्मो *उशिरा* लावलं तर काय होतं ते त्यात दिसतं. खर्च पूर्ण, निम्म्याहून जास्त मृत्यू. म्हणजे 'सगळं करून बघू, नाहीच जमलं तर एक्मो' हे घरच्यांना काटकसरीचं वाटतं, पण हिशेबात सर्वांत महाग तेच पडतं.

---

रात्रपाळी

आमच्याकडेही हीच कटकट. बाहेरून फोन येतो तेव्हा रुग्ण बरेच दिवस प्रचंड दाबाच्या व्हेंटिलेटरवर असतो. सीझरमध्ये जास्त दाबाचं किंवा जास्त ऑक्सिजनचं व्हेंटिलेशन सात दिवसांहून जास्त झालेल्यांना घेतलंच नव्हतं, ते काही उगाच नाही. तोवर फुफ्फुसांची वाट लागलेली असते.

आणि फोनवर आमचा पहिला प्रश्न ठरलेला: पालथं झोपवलंत का? निम्म्या वेळा उत्तर 'नाही, माणसं नव्हती'. पालथं घालायला पाच-सहा जण लागतात. एक डोक्याशी श्वासनळी धरून, दोघंतिघं दोन्ही बाजूंना, एक नळ्या-तारा सांभाळत. 'एक, दोन, तीन' म्हणून एकदम वळवायचं. सोळा तास तसंच ठेवायचं, तोंडाला, छातीला, गुडघ्यांना उशा. उपकरण काय लागतं? उशा! २०१३ च्या प्रोसेवा चाचणीत ४६६ रुग्ण होते, अठ्ठावीस दिवसांतला मृत्युदर साध्या गटात जवळपास ३३ टक्के आणि पालथं घातलेल्यांत १६.

---

हिशेबनीस

आणि त्याआधी २०००ची चाचणी, जिच्यात दर श्वासाला आत ढकलायच्या हवेची व्हेंटिलेटरची डायल फक्त १२ मिलिलिटरवरून ६ वर आणली (दर किलो अपेक्षित वजनामागे). ८६१ रुग्ण, मृत्युदर ३९.८ वरून ३१. खर्च शून्य. खर्चाच्या मानाने फायद्याची यादी काढायची तर डायल पहिली, उशा दुसऱ्या, एक्मो तिसरं. ज्याने पहिल्या दोन पायऱ्या केल्याच नाहीत त्याच्या हातात तिसरी देणं म्हणजे पाया न घालता गच्चीवर टाकी बांधणं.

---

शिळोप्याचा_पाहुणा

एक विचारू का? तुम्ही सगळे शहाणे लोक आहात, पण हे माणसाच्या जिवाची पौंडांत किंमत लावणं मला काही पटत नाही. आपल्या घरातला माणूस असेल तर कोण बघतं ०.०३ क्वाली?

---

खारूताई

काका, घरच्यांनी बघायचंच नाहीये ते. पलंगाशेजारी बसलेल्या बायकोला क्वाली सांगणारा डॉक्टर मूर्ख. हा हिशेब त्याच्या खूप आधी करायचा: ज्याच्या हातात अख्ख्या व्यवस्थेचा पैसा आहे त्याने.

कारण पैसा नाही खर्च केला तरी किंमत कोणीतरी मोजतंच असतं. एका एक्मो रुग्णामागे दोन नर्स गेल्या की शेजारच्या चार व्हेंटिलेटरच्या रुग्णांकडे कोण बघणार? ती माणसंही कोणाच्या तरी घरातलीच. फक्त त्यांची नावं आपल्याला कळत नाहीत. कोविडमध्ये हे उघड्यावर आलं.

---

दवबिंदू

कोविडचं निघालंच तर: २०२० च्या सुरुवातीच्या महिन्यांत एल्सोच्या नोंदवहीतल्या १,०३५ रुग्णांत नव्वद दिवसांचा रुग्णालयातला मृत्युदर ३७ टक्क्यांच्या आसपास होता. इओलियाइतकाच. पुढे तो चढत गेला, आणि साथ सुरू झाल्यावर उशिरा उतरलेल्या केंद्रांत तर निम्म्याच्या वर गेला. यंत्र बदललं नव्हतं. रुग्ण वेगळे, निवड वेगळी, थकलेली माणसं वेगळी. अशा वेळी जुना १९,२५२ चा आकडा वापरणं निरर्थक.

---

अर्धवट_कोडं

मी आजवर या धाग्यांवर नुसता वाचक असतो, पण इथे लिहावंसं वाटलं. माझा धाकटा भाऊ एआरडीएसमधून (हाच तीव्र श्वसननिकामीपणाचा आजार) वाचला, एक्मो नव्हतं, लांबलचक व्हेंटिलेटर होतं. फुफ्फुसांच्या तपासण्या आता जवळपास नॉर्मल. पण माणूस? जिन्याचा कठडा धरल्याशिवाय वर जात नाही, मांड्यांचे स्नायू गेलेत. झोपेत दचकून उठतो. वहिनीने नोकरी सोडली. तिची नोकरी कुठल्या क्वालीत येते? रुग्णालयाच्या बिलापेक्षा घरचा खर्च लांबला, आणि त्याची पावती नाही.

---

हिशेबनीस

@अर्धवट_कोडं, लिहिलंत ते बरं केलंत. तुमच्या भावाचं वर्णन संशोधनाशी तंतोतंत जुळतं. २०११ साली कॅनडातून एआरडीएसमधून वाचलेल्या १०९ जणांचा पाच वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला: फुफ्फुसांचं काम जवळपास पूर्ववत, पण सहा मिनिटांत चालता येणारं अंतर अपेक्षेच्या पाऊणपटच. वय कमी असलेल्यांची सुधारणा जास्त.

वहिनींचा प्रश्न मात्र बिनतोड आहे. हिशेब 'आरोग्यसेवेच्या खिशातून' मांडला तर त्यांची नोकरी त्यात येत नाही. 'समाजाच्या खिशातून' मांडला तर येते, आणि त्याचबरोबर भाऊ परत कामाला लागला तर ती कमाईही येते. दोन्ही पद्धती चालतात. कुठली वापरलीय ते न सांगता आकडा फेकणं तेवढं चालत नाही. आणखी एक विचित्र गोष्ट: नियंत्रण गट स्वस्त दिसतो यामागे एक कारण असंही आहे की तिथे जे गेले ते लवकर गेले. लवकर मरणारा रुग्ण हिशेबात नेहमीच स्वस्त असतो.

---

शिळोप्याचा_पाहुणा

हे शेवटचं वाक्य वाचून काटा आला. पण कळलं.

अवांतर: लहान मुलांचं काय? त्यांना पण हे लावतात ना?

---

दवबिंदू

लावतात, आणि एक्मोचा जम तिथेच आधी बसला. प्रौढांमधली पहिली मोठी चाचणी १९७९ साली प्रसिद्ध झाली, ९० रुग्ण, दोन्ही गटांत चार-चारच वाचले. प्रौढांचा एक्मो तिथेच थंडावला. नवजात बाळांत मात्र १९७५ पासून यश मिळत गेलं. १९९६ च्या ब्रिटिश चाचणीत १८५ बाळं होती, मृत्यू ३२ टक्के विरुद्ध ५९ टक्के. चार बाळांमागे एक जास्तीचं वाचलं, आणि बाळापुढे सगळं आयुष्य. खर्चाच्या मानाने याच्याइतकं स्वच्छ उत्तर एक्मोच्या इतिहासात दुसरं नाही.

---

खारूताई

शेवटची शंका. संथ गतीने फक्त कार्बन डायऑक्साइड काढणारी छोटी यंत्रं असतात म्हणे, बारीक नळ्या, कमी रक्त, कमी कटकट. ती स्वस्तातला एक्मो म्हणून चालतील का?

---

त्रिकोणमिती

नाही. ब्रिटनमध्येच 'रेस्ट' नावाची चाचणी झाली, २०२१ साली निकाल आला. ४१२ रुग्ण झाल्यावर, फायदा दिसण्याची चिन्हं नाहीत म्हणून थांबवली. नव्वद दिवसांचा मृत्युदर यंत्र गटात ४१.५ टक्के, नुसत्या व्हेंटिलेटरवर ३९.५, वर मेंदूतल्या रक्तस्रावासारखे गंभीर त्रास यंत्र गटात जास्त. फायदा शून्य असला की किंमत कितीही कमी असो, भागाकारच होत नाही.